हिरवी पट्टी भरेपर्यंत

"साहेब, चौकट आलीया. काय दाबू?"

मी फोन कानापासून जरा लांब धरला. सकाळचं दूध संकलन उरकल्यापासून मी हाच प्रश्न ऐकत होतो. गावं बदलत होती, आवाज बदलत होते, प्रश्न तोच.

"काय लिहिलंय चौकटीत?"

"इंग्रजीत हाय."

"खाली उजव्या हाताला बटण असेल. ते दाबा."

"दाबलं. आनि एक आली."

"तिथलंही दाबा."

"हितं कायतरी इचारतंय, साहेब."

"अहो बाई, विचारेल त्याला हो म्हणा! हो म्हटल्यानं काही लग्न लागत नाही!"

पलीकडे सगळं शांत झालं. रागावली बाई, आता तक्रार थेट चेअरमनपर्यंत जाणार, असं मी धरून चाललो. जाऊ दे म्हटलं, गेली तर गेली.

"साहेब," ती म्हणाली, "आवाज बसलाय तुमचा. बरं न्हाई का?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? ऑफिसात कालपासून जो भेटेल त्याला मी 'ठीक आहे' म्हणत होतो. तेच म्हणता आलं असतं. पण ह्या बाईचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं, नाव ऐकलेलं नव्हतं, आणि म्हणूनच असेल, मी बोलून गेलो.

"आई गेली माझी. परवा तेरावं झालं."

"अगं बया!" ती म्हणाली. मग जरा थांबून, "घरात आनि कोन हाय?"

"कोणी नाही."

"जेवलासा का आज?"

नव्हतो जेवलो. मेसचा डबा टेबलाखाली तसाच पडला होता.

"हे बगा, हितं आता हिरवी पट्टी सरकाय लागलीया," ती म्हणाली. "तिला येळ लागंल. पट्टी भरंस्तवर मी हाय फोनवर. तुमी डबा उगडा."

आणि मी, पस्तिशी ओलांडलेला घोडा, फोन खांद्यात धरून निमूट डबा उघडून बसलो. बाई फार काही बोलली नाही. म्हशीनं सकाळी पान्हा चोरला, मग तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसावं लागलं, तेव्हा कुठं तांब्याभर दूध दिलं, असं काहीबाही सांगत राहिली. पट्टी भरली तेव्हा माझी दुसरी पोळी संपत आली होती.

"झालं, साहेब. 'फिनिश' म्हनतंय. दाबू?"

"दाबा."

"ठिवते मग. मालन खोत म्हनत्यात मला. घोलनवाडीची."

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा एका तालुक्याच्या दूध संघात कम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी, एक खोली आणि अधूनमधून चहा आणून देणारा गुंडू शिपाई. गावोगावच्या संस्था आमच्या संघाला दूध घालायच्या. प्रत्येक संस्थेत एक कम्प्युटर, त्याला जोडलेला वजनकाटा आणि फॅट मोजायचं यंत्र. किटली काट्यावर ठेवली की पावती बाहेर. हे सगळं चालवणारा प्रोग्राम पुण्याची एक कंपनी करायची आणि दर थोड्या महिन्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती पाठवायची. ती गावोगावच्या कम्प्युटरवर बसवून घेणं हे माझं काम.

आणि तो प्रोग्राम बसताना प्रश्न विचारायचा. कुठल्या फोल्डरात बसू? अटी मान्य आहेत का? फॅटचं यंत्र कुठं जोडलंय? प्रिंटर कुठला? मशीन बंद करून चालू करू का? नवी सून घरात आल्यावर विचारणार नाही इतकं विचारायचा. मग प्रत्येक संस्थेचा सेक्रेटरी प्रत्येक प्रश्नाला मला फोन करायचा. सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध ह्यांच्या मधली दुपार तेवढी हातात असायची. तेवढ्यात सगळी गावं उरकायची.

मी मुळातच तिरसट. आई म्हणायची, "जन्मलास तेव्हा तुझ्या जिभेला मध लावायचा विसरले रे, ते आता निस्तरतेय." एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्या, त्यात ती आणि मी. तिच्याशीही मी फार बोलायचो असं नाही, पण संध्याकाळी घरी गेल्यावर "आलास का?" असं आतून यायचं. ती गेल्यावर ते बंद झालं. सकाळ-संध्याकाळ मेसचा डबा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची, तेव्हा भडंग. दाराचं कुलूप मीच लावायचं आणि मीच काढायचं.

तर फोनचं हे असं चाललेलं असताना एकदा जनरल मॅनेजर मगदूम साहेब माझ्या खोलीत आले. जाडजूड, हसरा माणूस. खुर्चीत बसला की खुर्ची करकरायची.

"नेर्लेकर," ते म्हणाले, "तुमचा फोन मोकळा मिळंल तर शपथ! काल दुपारी मी स्वतः चार वेळा लावला. कुनाशी बोलताय काय एवढं?"

"सगळ्या जगाशी, साहेब. चौकट आली, काय दाबू!"

"ते बंद करा. ती चौकट कुनाच्या डोळ्याला दिसताच कामा नये. सेक्रेटरी दुपारचा आडवा झाला, उठून बघतो तर नवीन प्रोग्राम हजर. असं झालं पायजे. जमतंय काय? न्हाईतर पुण्याची कंपनी म्हनत्या, आमची मानसं करत्यात ते काम."

"जमतंय," मी म्हणालो. न जमायला काय झालं? मला तर कधीपासून तेच हवं होतं.

मी कामाला लागलो तो अगदी हौसेनं. त्या कामाची रीत अशी असते: कंपनीकडून आलेला प्रोग्राम आधी आपण स्वतः एकदा बसवायचा. तो विचारील त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि ती उत्तरं त्याच्याच पोटात बांधून टाकायची. घोलणवाडीत प्रिंटर जुना आहे, वडगावात फॅटचं यंत्र दुसऱ्या जागी जोडलंय, असे गावागावातले फरकही भरायचे. मग हे बांधलेलं पॅकेज ऑफिसातून एकदम सगळीकडे सोडून द्यायचं. ते गावात पोचतं, प्रश्न विचारायला तोंड उघडतं, तर उत्तर आधीच दिलेलं. मग ते कुणाला काही विचारतच नाही. आमच्या धंद्यात ह्याला सायलेंट म्हणतात. मी त्याला मुकं पॅकेज म्हणायचो.

एकेक प्रश्न मारताना मला असा आनंद होत होता की विचारू नका. हा घ्या फोल्डर, ह्या घ्या अटी, ढेकूण चिरडावेत तसे चिरडले मी ते.

ज्या दुपारी ते मुकं पॅकेज सोडलं, त्या दुपारी मी पडद्यासमोर बसून होतो. प्रत्येक गावाचा एक ठिपका. बसायच्या आधी लाल, बसलं की हिरवा. बघता बघता ठिपके हिरवे व्हायला लागले. एकही अडला नाही. मी मांडी ठोकली आणि म्हटलं, वा रे पठ्ठ्या!

मग फोनकडे पाहिलं. तो गप्प होता. थोड्या वेळानं मी तो उचलून कानाला लावला, लाइन चालू आहे का बघायला. चालू होती.

"साहेब," गुंडू चहा ठेवत म्हणाला, "आज गरम पिलासा तर चालतंय काय?"

मी गरम चहा प्यायलो. त्या खोलीत भिंतीवरच्या पंख्याचा आवाज येतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. टेबलाखालचा डबा मी घरी परत नेला. खरं सांगायचं तर मला फार एकटं वाटलं, आणि त्याचा रागही आला, कारण हे सगळं मीच आपल्या हातानं केलं होतं.

वार्षिक सभेत मला शाल आणि नारळ मिळाला. मगदूम साहेब माईकवरून म्हणाले, "आपल्या नेर्लेकरांच्यामुळं आता कुनालाबी कायबी इचारायला लागत न्हाई!" टाळ्या पडल्या. मी नारळ घरी नेला. नारळ एकट्यानं फोडून खायचा कसा, हे काही मला सुचलं नाही. तो फडताळात तसाच सुकला.

पण अशा कामात एक चाल असते. नवं पॅकेज सगळ्या गावांवर एकदम सोडत नाहीत. आधी एका गावावर चाचणी. आणि त्या चाचणीच्या गावाला मुकं पॅकेज देत नाहीत, बोलकं देतात, म्हणजे अडलंच तर कुठल्या चौकटीशी अडलं ते तिथल्या माणसाला दिसतं. पहिल्या खेपेला मी ही चाचणी ऑफिसातच उरकली होती. दुसऱ्या खेपेला मगदूम साहेबांना म्हणालो, "साहेब, चाचणीला एक खरं गाव हवं. घोलणवाडी बरी. लांब आहे, तिथली लाइन कच्ची, वीज सारखी जाते. तिथं चाललं तर सगळीकडे चालेल."

"घ्या की," साहेब म्हणाले. त्यांना काय त्याचं!

संघाचा नेहमीचा निरोप गेला: उद्या दुपारी नवीन आवृत्ती बसणार, कम्प्युटर चालू ठेवावा. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"साहेब, चौकट आलीया. काय दाबू?"

"उजवीकडचं दाबा, मालनताई," मी म्हणालो. इतक्या गोड आवाजात की माझा मलाच संशय आला.

"लई दिसांनी चौकट आली. मला वाटलं, इसरलं बगा आमच्या गावाला. डबा उगडलासा का?"

तेव्हापासून हे ठरूनच गेलं. चाचणीची दुपार आली की मी डबा टेबलावर आधीच काढून ठेवायचो. चौकटी संपून पट्टी सुरू झाली की ती म्हणायची, "हं, बसा आता जेवायला." मी जेवायचो, ती बोलायची. चंद्री नावाची तिची म्हैस होती, तिचे सगळे नखरे मला पाठ झाले. कधी ती विचारायची, आज भाजी काय हाय? मी सांगायचो, वांगं, आणि तेही पाण्यात पोहतंय. ती हसायची. कधी मीच आईबद्दल बोलायचो. आई चकलीला भाजणी कशी करायची, हे मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

आणि एक गोष्ट मी केली, ती सांगूनच टाकतो. घोलणवाडीच्या पॅकेजात मी थोडा बदल करून पट्टी सावकाश केली. प्रोग्राम बसायला लागतो तेवढाच वेळ लागायचा, पण पट्टी मागे रेंगाळायची. कुणाचं काही अडत नव्हतं. पुढच्या खेपेला आणखी थोडी सावकाश केली.

"साहेब, ही पट्टी लई हळू सरकती आता," ती एकदा म्हणाली.

"नवीन आवृत्ती जड आहे, ताई."

"असंल बाई. आमची चंद्रीबी जड झाली की अशीच चालती."

हे मी तिच्यासाठी करतो, अशी माझी पक्की समजूत होती. तिच्या मागं कधी माणसाचा आवाज यायचा नाही. ना पोराचं रडणं, ना भांड्यांचा खणखणाट. "घरी कोण कोण असतं?" असं मी दोन-तीनदा विचारलं, तर म्हणायची, "म्हस हाय की!" आणि लगेच माझ्या भाजीवर यायची. मी मनात चित्र रंगवून ठेवलं होतं: विधवा बाई, अंधारं घर, गोठ्यात एक म्हैस, आणि बोलायला कुणी नाही म्हणून ह्या फोनची वाट बघत बसलेली. बिचारी! मला तिची फार कीव यायची. दुसऱ्याची कीव केली की आपलं बरं चाललंय असं वाटतं.

दिवाळीनंतर घोलणवाडीचा कम्प्युटर अगदीच म्हातारा झाला म्हणून संघानं नवा दिला. बसवायला मेकॅनिक जायचा, पण मी म्हणालो, मी जातो. गुंडूनं भुवया वर केल्या. त्या खोलीतून मी कधी बाहेर पडल्याचं त्याला आठवत नव्हतं. आदल्या संध्याकाळी बाजारात जाऊन मी एक छोटा रेडिओ विकत घेतला. सेलवर चालणारा, लाल रंगाचा. वीज गेली तरी वाजेल. तिला सोबत होईल. दुकानदारानं विचारलं, कागदात बांधून देऊ का? मी म्हटलं, नीट बांधा.

दुधाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून, मांडीवर कम्प्युटरचं खोकं आणि पिशवीत रेडिओ, असा मी निघालो. रस्त्याकडेला ऊसतोड चालू होती. मालनताईला भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मी वाटभर मनात म्हणून बघत होतो.

घोलणवाडीत संस्थेची खोली म्हणजे खोतांच्या घराचा पुढचा सोपा. मी पायरीपाशी पोचलो तर आतून असा गलका येत होता की मला वाटलं, आपण चुकून बारशाला आलो. दोन बायका निवडायला सुपं घेऊन बसलेल्या. तीन-चार पोरं एका सायकलवरून भांडत होती. एक धिप्पाड गडी पंप उघडून बसला होता आणि दुसरा त्याला शहाणपण शिकवत होता. दारात कोशा पटका बांधलेले एक म्हातारबुवा शेंगा फोडत होते.

"कोन पायजे?" म्हातारबुवा ओरडले.

"मालन खोत आहेत का? मी संघातून आलोय."

"आमची मंडळी गोठ्यात हाय. या की, बसा की. अगं ए, कोन आलंय बग!"

आमची मंडळी! मी त्यांच्याकडे बघत राहिलो. विधवा बाई माझ्या मनातून उठून गेली ती तिथंच.

आत टेबलाशी एक तरुण मुलगी जुन्या कम्प्युटरवर सकाळच्या पावत्या काढत होती. तिची बोटं इतकी चटचट चालत होती की मला माझंच ऑफिस आठवलं.

"या सर," ती उठून म्हणाली. "मी प्रणाली, धाकटी सून. सेक्रेटरीचं काम मीच बघते. आत्यांचं नाव आहे फक्त, मी माहेरी गेले की तेवढ्या बसतात."

"पण कम्प्युटर तर मालनताई चालवतात ना? मला फोन त्याच करतात."

प्रणालीनं पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरत नव्हतं.

"सर, रागावू नका हं. चौकट आली की काय दाबायचं ते मला माहीत आहे की. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. आत्यांना पण आता पाठ झालंय. पण संघाचा निरोप आला की दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मला खुर्चीवरनं उठवतात. पोरांना रानात पाठवतात. मामांना देवळात बसा म्हणतात. घरात कुणी चमचा जरी पाडला तर खैर नाही."

"का?"

"म्हणतात, सरक तू. त्या साहेबाला जेवायला घालायचंय मला."

मी जुन्या कम्प्युटरच्या वायरी काढायला खाली वाकलो. तिथं टेबलाखाली मी बराच वेळ होतो. वायरी तीनच होत्या.

"आलासा?" वरून आवाज आला.

तो आवाज मी कुठंही ओळखला असता. बाहेर आलो तर समोर एक ठेंगणी, काळीसावळी, कपाळभर कुंकू लावलेली बाई, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वाळलायसा की ओ," ती म्हणाली. "प्रनाली, ताट घे."

नवा कम्प्युटर बसवून झाल्यावर मला पाटावर बसवलं. भाकरी, झुणका, कच्चा कांदा, वर चंद्रीचं दही. घरातली सगळी माणसं आजूबाजूला. कुणी पाणी देतंय, कुणी भाकरी वाढतंय, म्हातारबुवा संघाच्या चेअरमनला शिव्या घालतायत. त्या गलक्यात मी मान खाली घालून जेवत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, "ताई, तुम्ही कधी बोलला नाहीत, घर एवढं भरलेलं आहे म्हणून."

ती चुलीशी भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"आई गेल्याली, घरात कोन न्हाई, अशा मानसाम्होरं आपलं भरल्यालं घर काय मिरवायचं, भाऊ? तेवढी अक्कल हाय आमाला."

मी दह्यात भाकरी कुस्करली. मग तिचं लक्ष माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या खोक्याकडे गेलं.

"ते काय हाय?"

"रेडिओ."

"कुनाला?"

मी तिच्याकडे पाहिलं. मागं नातवंडं टीव्हीवरून भांडत होती.

"मला," मी म्हणालो. "येता येता घेतला."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं केलंसा. दही घ्या आनि."

परतताना दुधाच्या गाडीत मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. मी भयंकर चिडलो होतो. जिची कीव करायला निघालो होतो, तिच्या घरी माझीच कीव शिजत होती! पट्टी सावकाश करणारा मी शहाणा, आणि तिकडं अख्खं घर माझ्यासाठी रानात हाकललं जात होतं. सुना हसत असतील. म्हातारबुवा देवळात बसून म्हणत असतील, आज आमच्या मंडळीच्या साहेबाचा डबा हाय. कुणी सांगितलं होतं? मी काय भिकारी होतो?

दुसऱ्याच दिवशी मी घोलणवाडीचं पॅकेज उघडलं. पट्टीची सगळी गंमत काढून टाकली. एकेक चौकट मारली. चाचणी पुन्हा ऑफिसातल्या माझ्याच कम्प्युटरवर करायचं ठरवलं, आणि घोलणवाडी इतर गावांसारखी मुकी करून टाकली. ह्या वेळी प्रश्न मारताना आनंदबिनंद काही झाला नाही.

घरी रेडिओ लावून बसायला लागलो. बातम्या, शेतकऱ्यांसाठी हवामान, बायकांचा कार्यक्रम, सगळं ऐकायचो. रेडिओचं एक असतं. तो बोलत राहतो, पण तुम्ही जेवलात का ते त्याला कळत नाही. रविवारी संध्याकाळी भडंग खाताना मला घोलणवाडीचं ते ताट आठवायचं, आणि मग मी आवाज आणखी मोठा करायचो.

पुढची आवृत्ती आली. नेहमीचा निरोप गेला: उद्या दुपारी बसणार, कम्प्युटर चालू ठेवावा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पॅकेज सोडलं आणि हाताची घडी घालून पडद्यासमोर बसलो. ठिपके हिरवे व्हायला लागले. घोलणवाडीचा मी बघायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून तोच पहिल्यांदा दिसला. नवा कम्प्युटर, झपाट्यानं हिरवा झाला. संपलं. डबा टेबलाखाली होता, तो मी पायानं आणखी आत सरकवला.

पंख्याचा आवाज येत होता. गुंडू चहा ठेवून गेला. तो गरम होता, पण मी प्यायलो नाही.

आणि फोन वाजला.

मी लगेच उचलला नाही. वाजू दिला. मग उचलला.

पलीकडे शांत होतं. पोराचा आवाज नाही, भांड्याचा आवाज नाही. ते घर तसं शांत करायला काय काय करावं लागतं, ते आता मला माहीत होतं.

"साहेब," मालनताई म्हणाली, "ह्या खेपंला चौकटच आली न्हाई बगा. काय दाबू?"

माझ्यासमोर तिचा ठिपका केव्हाचा हिरवा होऊन बसला होता. तिच्या पडद्यावरही नवा प्रोग्राम उघडलेला असणार. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हेही तिला माहीत होतं.

"काही दाबू नका, ताई," मी म्हणालो. "वेळ लागेल जरा."

"लागू द्या की. मी हाय."

मी वाकून टेबलाखालचा डबा वर घेतला. झाकण उघडल्याचा आवाज तिला गेला असावा.

"भाजी काय हाय आज?"

"वांगं."

"पोहतंय?"

"पोहतंय."

ती हसली. मीही हसलो, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले, ते तिला दिसायचं कारण नव्हतं. तिनं चंद्रीची बातमी दिली: व्याली, रेडी झाली, रेडीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, प्रणालीच्या पोरानं नाव ठेवलंय चिमणी. घरातल्या माणसांची नावं ती पहिल्यांदाच घेत होती. मी जेवत होतो. कुठल्याच पडद्यावर कसलीच पट्टी सरकत नव्हती.

"आनि रेडिओ?" तिनं विचारलं. "लागतुया का बरा?"

मी घास गिळला. डब्याचं झाकण हातात होतं, ते खाली ठेवलं.

"नाही ना, ताई," मी म्हणालो. "लागतच नाही. बटणं खूप आहेत त्याला. कुठलं दाबायचं, काही कळत नाही."

मग मालनताईनं लांब सुस्कारा सोडला, बऱ्याच दिवसांचं काम एकदाचं मार्गी लागल्यासारखा.

"मग घिऊन या की हिकडं," ती म्हणाली. "प्रनालीला कळतं सगळं. रव्वारी या संध्याकाळच्याला. मेस बंद असती न्हवं तुमची?"

मी रविवारी गेलो. त्यानंतरच्या रविवारीही गेलो. रेडिओ दर खेपेला पिशवीत असायचा. तो अगदी उत्तम चालत होता.